मदत हवी आहे: अ‍ॅटवूड मशीनचं त्वरण फॉर्म्युल्यापेक्षा कायम कमीच येतंय

एफवायची_फिजिक्सवाली

नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि एका प्रॅक्टिकलमध्ये अडकले आहे. स्टँडवर एक पुली, तिच्यावरून दोरा, दोन्ही टोकांना हँगर आणि त्यावर खाचेची वजनं. जड बाजू १ मीटर खाली यायला किती वेळ लागतो तो स्टॉपवॉचने मोजायचा, आणि त्यावरून त्वरण काढायचं (२ × अंतर ÷ वेळेचा वर्ग).

पुस्तकातला फॉर्म्युला: त्वरण = वजनांतला फरक × जी ÷ एकूण वजन. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, तो ९.८ धरलाय.

दोन्ही हँगर धरून एकूण २२० ग्रॅम. ते तेवढंच ठेवून एका बाजूचं वजन काढून दुसऱ्या बाजूला टाकत गेले. वेळा सरासरी आहेत.

फरक १० ग्रॅम: २.५३ सेकंद, त्वरण ०.३१ (फॉर्म्युल्याने ०.४५)
फरक २० ग्रॅम: १.६८ सेकंद, त्वरण ०.७१ (०.८९)
फरक ३० ग्रॅम: १.३५ सेकंद, त्वरण १.१० (१.३४)
फरक ४० ग्रॅम: १.१६ सेकंद, त्वरण १.४९ (१.७८)

सर म्हणाले, "रीडिंग पुन्हा घ्या." पुन्हा घेतली, तीच आली. पार्टनरचं म्हणणं, सीनियरच्या जर्नलमधून उतरवू आणि मोकळे होऊ. मला ते करायचं नाहीये, पण व्हायवात "एवढी एरर का?" असं विचारलं तर सांगू काय? नुसतं "घर्षण" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "किती?"

सांगलीकर_०७

जी ९.८ धरलाय तिथेच गडबड आहे. आपल्याकडे तो कमी असतो.

रिटायर्ड_डेमॉन्स्ट्रेटर

सांगलीकर, कमी असतो हे खरं, पण कितीने? पुण्याच्या आसपास ९.७८. फरक पाव टक्क्याच्या आत. हिची तूट पहिल्या रीडिंगला ३० टक्के आहे आणि शेवटच्याला सोळा-सतरा. बिचाऱ्या पृथ्वीला यात ओढू नका.

पोरी, रीडिंग चांगली आहेत, खोडू नकोस. हात चुकत असता तर आकडे कधी वर, कधी खाली गेले असते. तुझे चारही एकाच बाजूला कमी आहेत, आणि फरक वाढवला की तूट टक्केवारीत घटतेय. म्हणजे कारण यंत्रात आहे. कारणं दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळी काढता येतात.

पहिलं कारण पुली स्वतः. पुस्तकातली पुली बिनवजनाची असते, तुझी नाही. वजनं पळायला लागली की पुलीलाही फिरवावं लागतं आणि त्यात जोर खर्च होतो. भरीव चकतीसारखी पुली असेल तर तिचं निम्मं वजन एकूण वजनात मिळवायचं. फॉर्म्युल्यात ते फक्त खाली येतं, वर नाही.

दुसरं कारण आसाचं घर्षण. ते वरच्या फरकातून वजा होतं. १० ग्रॅममधले दोन ग्रॅम घर्षणाने खाल्ले तर पाचवा हिस्सा गेला, ४० मधले दोन गेले तर विसावा. तूट का घटत जाते ते यात आलं.

आता ग्राफ काढ. आडव्या अक्षावर फरक, उभ्यावर त्वरण. सरळ रेषा येईल, पण शून्यातून जाणार नाही. तिला ओढून शून्यातून नेऊ नकोस, बहुतेक मुलं तेच करतात आणि सगळी मजा घालवतात. रेषा आडव्या अक्षाला जिथे कापते तेवढं घर्षण. आणि तिच्या चढावरून एकूण वजन, पुलीच्या वाट्यासकट.

चाळीशीतला_इंजिनियर

एक शंका. दोरा एकच आहे, मग ताण दोन्हीकडे सारखाच असणार ना? आम्ही बारावीला तसंच शिकलो होतो.

रिटायर्ड_डेमॉन्स्ट्रेटर

बिनवजनाच्या, बिनघर्षणाच्या पुलीवर सारखाच. इथे नाही. हिचंच शेवटचं रीडिंग घ्या. जड बाजू १३० ग्रॅम, हलकी ९०, त्वरण १.४९. जड बाजूचा ताण ०.१३० × (९.८ − १.४९), म्हणजे १.०८ न्यूटन. हलक्या बाजूचा ०.०९० × (९.८ + १.४९), म्हणजे १.०२ न्यूटन. ही जी ०.०६ ची तफावत आहे तीच पुलीला फिरवते आणि घर्षणाला पुरते. दोन्ही ताण अगदी सारखे असते तर वजनवाली पुली वेग घेतच नाही, दोरा नुसता वरून घसरला असता.

रात्रपाळी

स्टॉपवॉचबद्दल थोडं. या फॉर्म्युल्यात वेळेचा वर्ग आहे, त्यामुळे वेळेतली चूक त्वरणात दुप्पट होऊन येते. १.१६ सेकंदांत बोट दशांश सेकंदाने चुकलं तर त्वरण सतराएक टक्क्यांनी हललं. सरासरी घेतली आहेस म्हणून निभावलंय. जमलं तर ४० ग्रॅमचं रीडिंग मोबाईलच्या स्लो मोशनवर घे. सेकंदाला २४० फ्रेम असतील तर नुसत्या फ्रेम मोजायच्या. मोबाईल स्टँडला टेकवून ठेव, हातात नको.

एफवायची_फिजिक्सवाली

काका, ग्राफ काढला! रेषा खरंच शून्यातून जात नाही, २.१ ग्रॅमवर कापते. दर १० ग्रॅमला त्वरण ०.३९३ ने वाढतं. ९८ ला (१० ग्रॅम × जी) ०.३९३ ने भागलं तर २४९ ग्रॅम. त्यातून माझे २२० गेले की २९ उरतात, म्हणजे तो पुलीचा वाटा का? पुली काढून तोलली, ६२ ग्रॅम भरली. निम्मे ३१.

पण २.१ ग्रॅम घर्षण फक्त रेषा लांबवून आलंय. प्रत्यक्ष मोजता येईल का?

रिटायर्ड_डेमॉन्स्ट्रेटर

२९ आणि ३१! स्टॉपवॉचच्या रीडिंगला यापेक्षा जवळ काय पाहिजे?

घर्षण मोजता येतं. दोन्हीकडे ११०-११० ग्रॅम लाव. एका हँगरवर टाचण्या टाकत जा आणि दर वेळी बोटाने हलकेच ढकल. सुरुवातीला थोडं जाऊन थांबेल. ज्या टाचणीला ते न थांबता एकाच वेगाने खाली जाईल तिथे थांब आणि टाकलेल्या टाचण्या तोल. ढकलायला विसरू नकोस, कारण थांबलेल्या पुलीला सुटायला जास्त जोर लागतो आणि मग उत्तर फुगून येतं.

एकूण वजन कायम ठेवलंस तेही बरोबर केलंस. आसावरचा भार वाढला की घर्षणही वाढतं. एकाच बाजूला नवी वजनं चढवत गेली असतीस तर हे दोन ग्रॅम प्रत्येक रीडिंगला बदलले असते आणि रेषा वाकली असती.

हे दुखणं जुनंच आहे. जॉर्ज अ‍ॅटवूडने १७८४ च्या पुस्तकात हे यंत्र मांडलं तेव्हा पुलीचा आस चार छोट्या चाकांच्या कडांवर टेकवला होता, फक्त घर्षण कमी करायला. गडी केंब्रिजचा, आणि बुद्धिबळातही पक्का.

एफवायची_फिजिक्सवाली

टाचण्या १.९ ग्रॅम भरल्या. आता फरकातून २ वजा करून आणि खाली २५० धरून चारही त्वरणं पुन्हा काढली: ०.३१, ०.७१, १.१०, १.४९. पार्टनर आता माझ्याकडून उतरवतोय.

व्हायवा शुक्रवारी आहे. दोऱ्याच्या वजनाबद्दल विचारलं तर?

रात्रपाळी

दोरा तोलून ठेव. शिवणाचा असेल तर ग्रॅमच्याही आत भरेल. एवढंच सांग की दोरा एका बाजूला सरकत जातो तसा फरक किंचित वाढतो, म्हणून त्वरण अगदी स्थिर नसतं, पण आपल्या स्टॉपवॉचला ते दिसत नाही. सुतळी मात्र लावू नकोस.