कस्टम्समध्ये डेटा आहे, पण डेटाची सवय आहे का?

कोरी पाटी:
ऑनलाइन खरेदीच्या छोट्या पार्सलांनी कस्टम्सचं जुनं गणित पार कोलमडलंय. आधी एका कंटेनरमागे एक आयातदार, एक इनव्हॉइस, आता तेवढ्याच जागेत हजारो पाकिटं आणि प्रत्येकाचा पाठवणारा वेगळा, वर लिहिलेलं काय तर 'गिफ्ट' नाहीतर 'पार्ट्स'. यावरून ड्युटी काय ठरवायची नि धोका काय ओळखायचा? जागतिक सीमाशुल्क संघटनेने २०१८ मध्येच ई-कॉमर्ससाठी चौकट आणली, माल पोचायच्या आधी माहिती घ्या म्हणून, २०२२ चं त्यांचं घोषवाक्यही डेटा संस्कृतीवरच, म्हणजे माहिती नोंदवायच्या नि वापरायच्या सवयीवरच होतं. माझं म्हणणं, नुसतं सॉफ्टवेअर घेऊन हे होत नाही. पाकीट उघडल्यावर आत काय निघालं ते नोंदवायला हवं, काहीच वावगं निघालं नाही तरी.

दीपस्तंभ:
नाही पटलं. मी बरीच वर्षं क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देण्याच्या कामात आहे. २०२१ पासून टपालाने वस्तू पाठवताना आगाऊ इलेक्ट्रॉनिक माहिती बंधनकारक झाली, पण माहिती भरतो कोण? पाठवणाराच ना! त्याला किंमत लपवायची असेल तर तो कॉम्प्युटरवरही लपवणारच. मुरलेला अधिकारी पाकीट हातात घेतल्याघेतल्या ओळखतो, त्याची सर स्क्रीनला येत नाही.

कोरी पाटी:
अहो पण तो अधिकारी बदलून गेला की ती नजरही त्याच्याबरोबर जाते, माझं दुखणं तेच आहे. वर्णनात 'एक मोबाइल कव्हर' आणि वजन दोन किलो, हे त्याला खटकतं ना, मग तेच नियम म्हणून सिस्टिममध्ये घाला की, म्हणजे रोजच्या सगळ्या पार्सलांना लागू होईल. आणि खोटी किंमत पकडायची तर वेबसाइटकडची ऑर्डरची रक्कम ताडून बघा, एकट्या पाठवणाऱ्याच्या शब्दावर का राहायचं? हो, आणि काही पार्सलं चिठ्ठी टाकल्यासारखी कुठलीही उचलून उघडायलाच हवीत, नाहीतर सिस्टिमला जे आधीच माहितीये तेच परत परत सापडत राहील.

सांजवेळ:
ऑर्डरची माहिती म्हणजे मी कुठलं औषध मागवलं, कुठलं पुस्तक घेतलं हे सगळं आलं. ती कोण बघणार, किती दिवस ठेवणार हे आधी लिहून द्या, मग माझा पाठिंबा. ड्युटीसाठी घेतलेली माहिती दुसऱ्याच कामाला वापरली तर लोक खरं सांगायचंच बंद करतील.

दीपस्तंभ:
सांजवेळ यांचा मुद्दा रास्त आहे. आणि कोरी पाटी, वजनाचं मान्य, नजर नियमात उतरवता येईल. पण जोवर अधिकाऱ्याचं काम किती केसेस पकडल्या यावर मोजलं जातंय, तोवर 'उघडलं, काही नाही' ही नोंद कोण मनापासून करेल? त्याच्या लेखी ती वाया गेलेली तपासणीच. ते मोजमाप आधी बदला.