लेकरांचा चष्मा: दोष मोबाईलचा की उजेडाचा?

वाकडी फ्रेम: लातूरच्या कुठल्याही क्लासमध्ये डोकावा, बाकागणिक चष्मे. घरोघरी निदान एकच: मोबाईलनं वाटोळं केलं. मला हे अर्धवट वाटतं. मोबाईल काढून घेतला आणि लेकरू त्याच खोलीत, त्याच ट्यूबखाली पुस्तकात नाक खुपसून बसलं, तर डोळ्याला काय फरक पडला? वाढत्या वयात नेत्रगोल मागं लांबत गेला की प्रतिमा डोळ्यातल्या पडद्याच्या अलीकडं पडते, फळा पुसट दिसतो. हाच मायनस नंबर. भरपूर उजेडानं या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि या लांबण्याला आळा बसतो, असं मानतात. उजेड लक्समध्ये मोजतात. खोलीत ३०० लक्स उजेड असला तरी खूप. बाहेर लिंबाच्या सावलीतही हजारांत असतो. रोज २ तास बाहेर काढा, मोबाईलचं नंतर बघू.

बारावीचा बाप: बोलायला सोपं आहे सर. सहाला क्लास, मग कॉलेज, मग रात्री दहापर्यंत अभ्यासिका. दोन तास आणू कुठून? अन् मे महिन्यात ४२ डिग्रीत पाठवलं तर ऊन लागून सलाईन लावायची वेळ येईल. वर असंही सांगतात, उन्हानं मोतीबिंदू लवकर होतो!

वाकडी फ्रेम: भर दुपारी कोण म्हणतंय? सकाळी सात ते आठ, संध्याकाळी साडेपाचनंतर, डोक्यावर टोपी, झाडाखाली. सूर्याकडं बघायचं नाही. उजेड पाहिजे, ऊन नाही. चीनमध्ये ग्वांगझूला पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. ३ वर्षांत तिथं ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. निकाल २०१५ साली छापून आलेत.

पाटीपेन्सिल: पहिलीची मुलं, हे ध्यानात घ्या. एकदा नंबर लागल्यावर उजेडाचा तेवढा गुण येत नाही, म्हणून बारावीत धावपळ करून फारसं हाती लागत नाही. आणि मोबाईलला इतकं सहज सोडू नका. पुस्तक हातभर लांब राहतं, फोन वीतभरावर येतो. बाजेवर आडवं पडलं की त्याहून जवळ. कोपर टेबलावर टेकवून मूठ गालाला लावा, डोळा आणि पान यात निदान तेवढं अंतर हवं. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडं बघितल्यानं थकवा जातो, पण नंबर थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. कूलरचा झोतही तोंडावर नको. स्क्रीनपुढं पापणी आधीच कमी लवते, त्यात डोळा कोरडा पडून चुरचुरतो.

जुनं ते सोनं: लहानपणी चष्मा लावला की सवय लागते अन् नंबर वाढतो. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, गाजर द्या, काजळ घाला.

पाटीपेन्सिल: आजी, मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिला, तर नंबर उलट जोरात वाढला. शेवगा जरूर द्या, फोडणीत तेल घालून, म्हणजे अ जीवनसत्त्व अंगी लागतं. त्यानं रातांधळेपणा टळतो, मायनस उतरत नाही. काजळात शिसं असू शकतं, ते नकोच.

त्यापेक्षा घरी एक करा. दहा फुटांवर कॅलेंडर टांगा. एक डोळा तळहाताच्या खोलगट भागानं झाका. बोटांनी नाही, फटीतून बघतात पोरं. आणि दाबूही नका, दाबलेला डोळा नंतर काही वेळ अंधूक बघतो. मग तिथी वाचायला लावा, दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी. एक डोळा चांगला असला की लेकरू तक्रारच करत नाही आणि दुसरा आळशी होऊन बसतो. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर सुधारायला सोपा जातो.

बांधावरून: सगळे पोरांवरच अडकलात. सोयाबीनच्या मळणीत मोठ्यांचे डोळे जातात त्याचं काय? कुसळ गेलं की चोळतात, मग मेडिकलवरून स्टिरॉइडचा ड्रॉप आणतात. लाली उतरते, पण बुबुळावर बुरशी बसली असेल तर तिला मोकळं रान मिळतं. स्वच्छ पाण्यानं धुवा, रुतलेलं काडीनं काढू नका, पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठा. मळणीयंत्रापुढं बंद बाजूंचा साधा गॉगल लावायला काय जातं?

बारावीचा बाप: बरं. धाकटा दुसरीत आहे, त्याला सकाळी पटांगणावर सोडतो. मोबाईल मात्र देत नाही, तुम्ही कितीही लक्स सांगा.