कांद्याची टरफलं, एक सुरी आणि 'कृपया सोला'

वांगणीकर (धागाकर्ता)

परवा भाचीच्या कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन बघून आलो. शिल्पकलेचं शेवटचं वर्ष. कॉलेजचं नाव देत नाही, उगाच पोरांना त्रास नको. मातीची डोकी, फायबरचे घोडे, एक लाकडी नंदी (हा खरंच झकास होता) हे सगळं बघत शेवटच्या खोलीत शिरलो. तिथे भाचीच्या वर्गातल्या एका मुलीने मच्छरदाणीवर कांद्याची टरफलं शिवून ती अख्खी खोलीभर टांगली होती. आत एक पाट, परात, सुरी, दाभण-दोरा आणि पोतंभर कांदे. बाहेर पाटी: 'कृपया एक कांदा सोला.'

सोलायचा, टरफल जाळीला टाचायचं आणि आपण शेवटचा कांदा काय भावाने घेतला ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. सोललेला कांदा परातीत.

मी सोलला. डोळ्यांतून पाणी आलं, ते कांद्याने येतंच. समोर एक पोरगा माझा व्हिडिओ काढत होता. मागे उभ्या असलेल्या एका बाई म्हणाल्या, "घरी हेच करते, इथे येऊन पण हेच?" सगळे हसले आणि पुढे गेले.

माझं म्हणणं एवढंच. पाटी नसती तर मला तिथे मच्छरदाणीच दिसली असती. आणि प्रेक्षकाला कामाला लावलं म्हणजे तो गुंतला असं कसं धरायचं? चित्रकार प्रभाकर बरवे कॅनव्हासवर एनॅमल पेंट वापरायचे, म्हणजे दारं-खिडक्यांना लावतात तोच. पण त्यांच्या चित्रासमोर माणूस थांबतो तो चित्रामुळे, डब्यावरचं लेबल वाचून नाही. इथे सगळी बातमी 'टरफलं वापरली!' एवढीच.

मोगरा_२२

काका, त्या बाईंचं वाक्य तुम्ही विनोद म्हणून सांगितलंत, पण मला तर तोच त्या कामाचा कळस वाटला. घरी रोज सोलतो तेव्हा कोण बघतं? इथे तेच काम करताना बारा माणसं बघत होती आणि त्या बाईंना ते खटकलं. नंदीसमोर कुणी काही बोललं का?

प्रेक्षकाच्या हातात वस्तू देणं काही आजचं खूळ नाही. शिल्पा गुप्ता, त्याही शिल्पकलाच शिकलेल्या, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात. त्यांनी २००२ च्या सुमारास खोट्या रक्ताच्या छोट्या बाटल्या बनवून मुंबईच्या लोकलमध्ये लोकांच्या हातात दिल्या. कामाचं नाव 'ब्लेम'. बाटली हातात आली की तुम्ही नुसते बघे राहत नाही.

वांगणीकर

तुम्ही माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत! त्या बाटलीचं काम लोकलने केलं. २००२ च्या गुजरात दंगलींनंतरची हवा, डब्यात शेजारी कोण बसलंय ठाऊक नाही, आणि हातात रक्त. कॉलेजच्या खोलीत एसी लावून कांदा सोलणारे सगळे आई-बाप, मावश्या आणि मित्र. त्यांना काय धोका? हिंमत असेल तर हेच बाजार समितीच्या ओट्यावर मांडा, मग बघू.

रेषा_आधी

धागाकर्त्यांशी सहमत, पण मी आणखी पुढे जाईन. ज्यांना साधं हाताचं चित्र काढता येत नाही ते इन्स्टॉलेशन करतात, म्हणजे असल्या वस्तू खोलीभर मांडतात. पंचवीस वर्षं शिकवलंय, कटू वाटेल पण बोलतो. पहिल्या वर्षी स्थिरचित्राला कंटाळलेली मुलं शेवटच्या वर्षी 'नवं माध्यम शोधतोय' म्हणतात. शोधा की. आधी जुनं तरी सापडू दे.

मोगरा_२२

सर, प्रभाकर पाचपुते. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातला माणूस, घरची मंडळी खाणीत. कोळशाने भिंतीच्या भिंती रंगवतो. त्याचं ड्रॉइंग बघून सांगा हात येतो की नाही. पण तेच ड्रॉइंग पेन्सिलीने केलं असतं तर निम्मं मेलं असतं. माध्यम घरातून आलंय म्हणून ते बोलतं.

रेषा_आधी

पाचपुतेंबद्दल वाद नाही. ते आधी *काढतात*. तुमच्या टरफलवालीने काय काढलं? पाणी. तेही लोकांच्या डोळ्यांतून.

जुना_बाइंडर

कलेतलं मला कळत नाही, पुस्तकबांधणीत हयात गेली. पण एक विचारतो. टरफलं *शिवली* होती म्हणता? कांद्याचं वाळलेलं टरफल सुईने भोसकलं की चिरत जातं. ती कशी टिकली? आणि चिकटवली असती तर कशाने? खळ लावली असेल तर दोन आठवड्यांत झुरळं आणि कसर. आम्ही खळीत मोरचूद (ते निळं विषारी मीठ) घालायचो ते याचसाठी.

तो प्रश्न वाटतो तेवढा बारीक नाही. वस्तू टिकणार नसेल तर ती कुणी जपायची? एकदा एका माहितगाराने सांगितलं होतं की एव्हा हेस नावाच्या शिल्पकार बाईंनी १९६० च्या दशकात लॅटेक्समध्ये, म्हणजे रबराच्या चिकात, केलेली कामं आता तपकिरी पडून कडक झालीत, काही तर मांडताही येत नाहीत. नव्या माध्यमाची ही उधारी पन्नास वर्षांनी कुणीतरी फेडतो.

चांदवडचा_दादा

सगळे शहाणे बोलून घ्या मग मी बोलतो म्हणून थांबलो होतो.

चिठ्ठीवर काय लिहायला लावलं? *तुम्ही* कांदा काय भावाने घेतला. म्हणजे पुन्हा तुमचाच भाव, तुमचंच रडणं. ४० चा झाला की टीव्हीवर बातमी, आमचा रुपया किलो गेला की कोण बघतंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या मार्केटला एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून हातात २ रुपयांचा चेक आला. तो चेक टांगा मच्छरदाणीला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यात बंद केली ती ४ मे २०२४ पर्यंत. त्या काळात चाळीतला (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधला) कांदा बघत बसणं काय असतं ते सुरीने नाही कळायचं.

आणि टरफलाबद्दल. लाल कांद्याला टरफल पातळ, तो लगेच विकावा लागतो, टिकत नाही. उन्हाळ कांद्याला दोन-तीन पदर, म्हणून तो चाळीत चार-पाच महिने काढतो. शेतकरी भावाची वाट बघतो ती त्या टरफलाच्या जिवावर. त्या पोरीने टरफल घेतलं ते हे माहीत असून घेतलं असेल तर तिच्या पाया पडतो. नाहीतर ते नुसतं दिसायला छान.

वांगणीकर

दादा, एक पॅरा तुमचा आणि आमचा सगळा धागा एकीकडे. पण बघा, हे *तुम्ही* सांगितलंत. खोलीत ते कुठेच नव्हतं. मी भाचीला सांगून त्या मुलीला इथे यायला सांगितलंय.

टरफलवाली

नमस्कार. खातं आजच काढलं, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी निफाड तालुक्यातली. आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते. निवडणी झाली की खळ्यात घोट्याएवढी टरफलं साठतात आणि पंखा लावला की सगळं उडतं, म्हणून बायका उन्हाळ्यातही पंख्याशिवाय बसतात. मला ती खोली करायची होती. म्हणून एसी बंद ठेवा असं लिहून दिलं होतं, पण पाहुणे आले की कुणीतरी लावायचंच. (हो, सगळी उन्हाळ कांद्याचीच आहेत. लालची घेतली होती आधी, हातातच भुगा झाली.)

बाइंडर काका, तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला. आधी फेविकॉलने चिकटवली, तर वाळल्यावर प्लॅस्टिकसारखी चकचकीत दिसायला लागली. मग मैद्याची खळ केली. झुरळं तिसऱ्याच रात्री. मोरचूद माहीत नव्हतं. शेवटी पातेल्याच्या वाफेवर टरफलं धरली की पाच-सात मिनिटं मऊ राहतात, तेवढ्यात टाका घालायचा. रोज दीडशे-दोनशे व्हायची. टिकणार नाहीत हे ठाऊक होतं, आणि जपायचीही नव्हती.

रेषा सर, मला हात काढता येतो. नंदी माझाच आहे.

दादा, चिठ्ठीचं तुमचं बरोबर आहे. दोन रकाने हवे होते. आईची मजुरी धरून तीन. डबा उघडला तेव्हा माझ्याही लक्षात आलं की १२० चिठ्ठ्यांवर फक्त गिऱ्हाईक बोललंय.

रेषा_आधी

नंदी उत्तम आहे. तीन दिवसांत तीनदा बघून आलो, आता सांगायला हरकत नाही. त्यामुळेच राग येतो, बाळा. ज्या हाताने तो वशिंडाचा भाग सोडवला त्या हाताने चार महिने टरफलं टाचलीस.

टरफलवाली

सर, नंदी बघून लोक म्हणाले "छान". आई प्रदर्शनाला आली तेव्हा नंदीजवळून पुढे गेली. टरफलांच्या खोलीत मात्र पाटावर बसली आणि पोतं अर्धं संपेपर्यंत उठलीच नाही. सवयीने. लोकांना वाटलं तो परफॉर्मन्स आहे, टाळ्या वाजवल्या. ती इतकी लाजली. ते मला आवडलं की नाही हे अजून कळलेलं नाही.

वांगणीकर

मी असतो तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या बहुतेक. मत पूर्ण बदललेलं नाही. पंख्याचं, खळ्याचं, आईचं, यातलं काहीच खोलीतून माझ्यापर्यंत पोचलं नाही, ते तुम्ही इथे लिहिल्यावर पोचलं. ही उणीव माझी की कामाची, यावर भांडायला अजून तयार आहे. पण 'बातमी फक्त टरफलाची' हे मागे घेतो.

मोगरा_२२

पुढच्या वेळी एसीऐवजी पंखा ठेव. बटण प्रेक्षकाच्या हातात दे.

चांदवडचा_दादा

बटणाचं डोकं चांगलं आहे. पोरी, आमच्या इथे मार्केटला लिलावाच्या दिवशी मांडायचं असेल तर सांग, सभापतीशी बोलतो. पण पोतंभर सोललेल्या कांद्यांचं काय केलंस ते आधी सांग. फेकले असतील तर बोलणं बंद.

टरफलवाली

एकही नाही फेकला! होस्टेलच्या मेसला दिले. पहिल्या दिवशी भजी, दुसऱ्या दिवशी पिठलं, मग कांद्याची भाजी सलग दोन दिवस. मेसच्या मावशींनी निरोप पाठवलाय की पुढच्या प्रदर्शनात लसूण सोलायला लाव.