मदत हवी आहे: कापेंटाच्या वाढीचा के फारच कमी येतोय

झांबेझीकाठचा:
लोकहो अर्जंट आहे. मी सियावोंगाला, करिबा सरोवराच्या झांबियाकडच्या काठावर एका मासेमारी कंपनीत आहे. कापेंटाच्या लांबीचा डेटा ट्रॉपफिशआर या आर पॅकेजमधल्या एलेफानला (लांबीच्या आलेखांवरून वाढ काढणारी पद्धत) दिला तर एल इन्फिनिटी (वाढून वाढून मासा सरासरी जिथे थांबेल ती लांबी) ११ सेमी आणि के (त्या लांबीकडे जायचा वेग, दर वर्षी) ०.३५ येतोय. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज बदलून बघितला, जेनेटिक अल्गोरिदमवालं पण चालवलं, दर वेळी वेगळंच उत्तर आणि स्कोर (उत्तर डेटाला किती जुळतं तो आकडा) साधारण तोच. साहेबांना सोमवारी आकडा हवाय कारण पुढच्या सीझनला किती रिग (मासेमारीचे तराफे) पाण्यात ठेवायच्या ते यावरूनच ठरणारे. कुठली सेटिंग गंडलीये? थिअरी नको प्लीज, डायरेक्ट कोड द्या.

खवय्या_मालवणी:
कापेंटा म्हणजे काय रे भाऊ? खायचा असतो ना?

वर्गमूळ:
किती महिन्यांचा डेटा? महिन्यावार वेगळा की सगळा एकत्र ओतलायस? बिन, म्हणजे लांबीचा एकेक गट, केवढा? लांबी टोटल की फोर्क (शेपटीच्या खाचेपर्यंतची)? सगळ्यात मोठा मासा किती? हे न सांगता कोड मागणं म्हणजे कमाल आहे.

झांबेझीकाठचा:
@खवय्या, टांगानिका सरोवरातली गोड्या पाण्यातली तारली. लिम्नोथ्रिसा मिओडॉन. १९६७-६८ मध्ये करिबात आणून सोडली. रात्री रिगवर दिवे लावायचे, मासा उजेडाला जमतो, खालून लिफ्ट नेट उचलायचं.
@वर्गमूळ, वर्षभराचा आहे, महिन्यावार. टोटल लांबी, बिन १ सेमी. सगळ्यात मोठा साडेसात. एल इन्फिनिटीची रेंज ६ ते १७ दिली कारण नेटवर १७ सेमीपर्यंत वाढतो असं होतं. आता सांगा.

वर्गमूळ:
१७ हा टांगानिकातला आकडा आहे रे! करिबात तीच जात खुजी राहते. आणि १ सेमीचा बिन?? तुझा बहुतेक कॅच ४ ते ६ सेमीचा असणार, म्हणजे आलेखात दोन-तीन खांब उभे राहणार, त्यातून एलेफानने पिढ्या शोधायच्या कशा? २ मिमी कर. एल इन्फिनिटी साडेसातच्या आसपास बांधून ठेव, दोन्ही आकडे मोकळे सोडले की एक चढतो, दुसरा उतरतो आणि स्कोर तोच राहतो, तुझं नेमकं तेच झालंय.
शिवाय तुझंच उत्तर उलटं तपासून बघ. ११ आणि ०.३५ धरलं तर ५ सेमीला पोचायला पावणेदोन वर्षं लागतात. जेमतेम वर्षभराच्या आयुष्यात सगळं उरकणारा मासा आहे हा, के एकच्या वर यायला हवा. के चुकला की मृत्युदर चुकतो, मग तुमचा तो रिगचा आकडा पण हवेतच.

खडेमोजणी:
लांबीवरून वय काढणं म्हणजे उंची बघून आधार कार्ड बनवणं. कापेंटा जवळपास वर्षभर अंडी घालतो, पिढ्या एकमेकांत मिसळतात, बिन कितीही बारीक कर. ऑटोलिथ, म्हणजे कानातला खडा, काढ, घास, मायक्रोस्कोपखाली रोजची वलयं मोज. विषय संपला.

वर्गमूळ:
हो का? रोज एकच वलय पडतं हे करिबातल्या माशावर अलिझरिन या रंगाची खूण करून आधी तपासायला नको? आणि सोमवारपर्यंत कानातले एवढेसे खडे घासून होणारेत? अंडी वर्षभर घातली तरी भर ठरावीक महिन्यांतच असतो, तेवढं एलेफानला पुरतं.

खडेमोजणी:
पुरतं म्हणूनच त्याला ०.३५ मिळालं वाटतं 🙂

शेततळे_मित्र:
दादा माझं ऐका, एवढ्या भानगडीपेक्षा रोहू, कटला, मृगळ टाका. महिन्यातून एकदा जाळं फिरवायचं, वीसेक मासे वजन करायचे, वाढ कळते. बीज बोटुकलीच घ्या, जिरे घेऊ नका, मरतुक जास्त. तळं किती गुंठ्याचं आहे?

झांबेझीकाठचा:
@शेततळे_मित्र, पाच हजार चौरस किलोमीटरच्या वर.

टाइमपास_ठाणेकर:
🍿 बसलोय.

खवय्या_मालवणी:
अरे पण तारली गोड्या पाण्यातली म्हणजे चवीला कशी लागत असेल. आमच्याकडे पेडव्यांचं तिखलं करतात तिरफळं घालून, दुसऱ्या दिवशी अजून भारी लागतं. तिकडे ताजी मिळते की वाळवलेलीच?

झांबेझीकाठचा:
बहुतेक वाळवलेलीच. पहाटे रिग परत आल्या की मीठ लावून रॅकवर पसरतात, ऊन चांगलं असेल तर लगेच कुरकुरीत. इथले लोक टोमॅटो-कांद्यात परतून न्शिमाबरोबर (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) खातात, झकास लागतं. मी पण मोजायला रॅकवरूनच उचलतो, ओल्या माशाला पहाटे धक्क्यावर कोण उभं राहणार.

वर्गमूळ:
थांब थांब. तू वाळवलेला मासा मोजलायस??

झांबेझीकाठचा:
हो मग. सगळे तसेच आहेत ना, सारखेच आखडणार.

वर्गमूळ:
सारखे नाही आखडत, मीठ आणि ऊन रोज वेगळं. आणि वाळल्यावर शेपटीची टोकं तुटतात, तू टोटल लांबी घेतोयस. खवय्यांनी विचारलं नसतं तर आम्ही इथे सेटिंगच खेळत बसलो असतो. आता असं कर, शे-दीडशे ताजे मासे घे, सगळ्या आकारांचे, प्रत्येकाला नंबर, फोर्क लांबी मोज, तुमच्याच रॅकवर वाळव, परत मोज. ओल्या आणि सुक्या लांबीची रेषा काढ. जुना डेटा त्या रेषेतून ओल्यात आण. हे सोमवारच्या आत होईल.

खडेमोजणी:
आणि ऑटोलिथ वाळलेल्या माशातूनही निघतो बरं का. फक्त फॉर्मेलिनमध्ये ठेवू नकोस, खडा विरघळतो.

वर्गमूळ:
हे मात्र बरोबर. पंधरा-वीस खडे काढून ठेवच. @झांबेझीकाठचा, अजून एक, पौर्णिमेच्या आसपास रिग बंद असतात ना? मग नमुन्याची तारीख महिन्याच्या मध्याची टाकू नकोस, खरी तारीख टाक. आणि वाढ ऋतूप्रमाणे बदलणारी धर, जून-जुलैत करिबाचं पाणी गार होतं, तेव्हा वाढ मंदावणार.

झांबेझीकाठचा:
फाइल व्यनि केलीये. पण १ सेमीच्या बिनमध्येच नोंदलंय सगळं, मूळ लांब्या लिहिल्या नाहीत, ते २ मिमी करायला काही फंक्शन आहे का?

वर्गमूळ:
नाही. परत मोजायचे. फोर्क लांबी.

खवय्या_मालवणी:
मोजून झालेले मासे टाकून नका देऊ हां.