मदत हवी आहे: पीपीपीओई जोडणी होते, पण बँकेचं पान उघडत नाही

नमस्कार मंडळी,

मुलुंडला राहते, सोसायटीत केबलवाल्याचं फायबर आहे. त्याने दिलेला राउटर बंद पडला म्हणून नवा विकत आणून पीपीपीओईचा (लॉगिन करून नेट जोडायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड टाकला. लॉगमध्ये सगळं सुरळीत दिसतं: पॅडी, पॅडो, पॅडआर, पॅडएस (दोन्ही टोकं एकमेकांना शोधून सेशन उघडतात), मग एलसीपी (जोडणीच्या अटी ठरतात), चॅप (पासवर्डची तपासणी) मान्य, शेवटी आयपीसीपीतून आयपी पत्ता. पिंग आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही चालतं.

पण बाबांच्या बँकेचं पान अर्ध्यावर लटकतं. जुन्या राउटरवर उघडायचं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आजही उघडतं. बाबांची पेन्शन तिथेच येते, त्यामुळे ते रोज विचारतात.

इथरनेट फ्रेममधल्या १५०० बाइटपैकी ६ पीपीपीओईच्या हेडरला आणि २ पीपीपीला जातात, म्हणून एमआरयू (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट घेता येतील तो आकडा) १४९२, इथवर कळलं. आमच्या राउटरने तेवढाच मागितला आणि पलीकडून सरळ कन्फिगर-अ‍ॅक, म्हणजे होकार, आला. नॅक (दुसरा आकडा सुचवणं) नाही, रिजेक्ट (नकार) नाही. दोन्ही टोकांचं एकमत झालंय, तर पॅकेट अडतात कुठे? एलसीपीत ठरलेला आकडा लॅपटॉपला कळतो का? केबलवाल्याचा माणूस फक्त "नेट चालू आहे ना, मॅडम" म्हणतो.

प्रतिसाद

ताई, नाही कळत. ती बोलणी फक्त तुमचा राउटर आणि केबलवाल्याचं उपकरण यांच्यातली. लॅपटॉप टीसीपी जोडणी सुरू करताना एमएसएस (एका पॅकेटात हेडरचे ४० बाइट सोडून किती डेटा चालेल तो आकडा) १४६० सांगतो, बँकेचा सर्व्हर त्यानुसार १५०० बाइटची पॅकेट पाठवतो आणि ती केबलवाल्याच्या टोकाला अडतात. तिथून सर्व्हरला 'पॅकेट मोठं आहे' असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप जायला हवा, पण बऱ्याच फायरवॉल तो गिळतात. मग सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (राउटरने वाटेतच तो आकडा कमी करून पुढे पाठवणं) शोधा आणि १४५२ ठेवा, आयपीव्ही६ साठी १४३२. जुन्या राउटरमध्ये ते बहुधा आधीपासून चालू असणार. २००६ च्या आरएफसी ४६३८ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) नुसार पीपीपीओईवर पूर्ण १५०० सुद्धा नेता येतात, मात्र दोन्ही टोकं आणि मधले स्विच त्यासाठी तयार हवेत. त्यामागे आत्ता लागू नका.

धागाकर्ती

उघडलं! बाबा समोरच बसले होते. मनापासून आभार. लॉगमध्ये सारखे एलसीपी एको (पलीकडचं टोक जिवंत आहे का विचारणारे निरोप) दिसतात, ते बंद करू का?

प्रतिसाद

नको. लाइन मध्येच मेली तर राउटरला त्यावरूनच कळतं आणि तो नवं सेशन मागतो.