बोरिस या बँडविषयी घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

धाकटी: दादा, हल्ली तू सतत ऐकतोस तो बँड कोणता, आणि त्यात एवढे ऐकण्यासारखे काय आहे, हे एकदा ग्रुपवर नीट लिही. आत्यालाही ते जाणून घ्यायचे आहे.

दादा: त्या बँडचे नाव बोरिस. तो १९९२ साली टोकियोत सुरू झाला आणि अमेरिकेतील मेल्व्हिन्स या बँडच्या एका गाण्यावरून त्याने आपले नाव घेतले. ताकेशी, वाता आणि आत्सुओ ही त्याची मुख्य त्रयी असून तिघेही आडनाव लावत नाहीत. माझी ओळख ‘पिंक’ या अल्बमपासून झाली. तो जपानमध्ये २००५ साली आणि अमेरिकेत त्याच्या पुढच्या वर्षी निघाला. त्याचे पहिलेच गाणे सात मिनिटांहून मोठे, संथ आणि धूसर आहे, आणि ते संपताच शीर्षकगीत अंगावर धावून येते. सुरुवातीला मी फक्त ती धावती गाणी ऐकत असे. आता मात्र त्या संथ गाण्यासाठीच अल्बम लावतो, आणि शेवटच्या अठरा मिनिटांच्या गाण्यात वेग विरून नुसता नाद उरतो तो भाग तर मला सर्वांत अधिक प्रिय झाला आहे.

धाकटी: म्हणजे हा हेवी मेटलच ना?

दादा: काही अल्बमपुरते तसे म्हणता येईल, पण तेवढ्यावर भागत नाही. १९९६ च्या ‘अ‍ॅब्सोल्यूटेगो’मध्ये तासाहून मोठी एकच रचना आहे. २००२ च्या ‘हेवी रॉक्स’मध्ये मात्र सत्तरच्या दशकाची आठवण करून देणारे ठसठशीत रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, आहेत. हेच नाव त्यांनी २०११ आणि २०२२ मध्ये पुन्हा दोन वेगळ्या अल्बमना दिले, हा त्यांचा खोडकरपणा मला आवडतो. २०११ मध्येच निघालेला ‘अटेन्शन प्लीज’ संपूर्णपणे वाताच्या हळुवार आवाजात आहे आणि त्यात जड गिटार फारशी नाहीच. एका शैलीची सवय लागते न लागते तोच हा बँड दुसरीकडे निघून जातो.

आत्या: तू परवा पाठवलेला तुकडा मी ऐकला. एकच स्वर इतका वेळ धरून ठेवण्यात कौशल्य कोणते, हे मला कळले नाही. विलंबित लयीत गाणारा निदान राग उलगडत नेतो. येथे काय उलगडते?

दादा: आत्या, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि मलाही त्याचे उत्तर सापडायला वेळ लागला. येथे स्वरांपेक्षा नादाचा पोत उलगडतो. अ‍ॅम्प्लिफायर पुरेसा मोठा लावला की स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारच्या तारांना पुन्हा कंपित करतो, ते कंपन गिटारवरचा पिकअप नावाचा भाग टिपतो आणि पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो. त्यामुळे स्वर विझत नाही. वादक किती अंतरावर आणि कोणत्या कोनात उभा आहे, यावर त्यातील वरचे स्वरांश बदलत राहतात. म्हणजे स्वर एकच वाटला तरी त्याच्या आत सतत हालचाल असते, आणि ती ताब्यात ठेवणे अवघड असते. त्यांच्या १९९८ च्या अल्बमचे नाव ‘अ‍ॅम्प्लिफायर वर्शिप’, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची पूजा, असे आहे, ते उगाच नव्हे.

मामा: या जडपणाचे मूळ ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडमध्ये आहे, हे येथे नोंदवतो. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कारखान्यातील अपघातात गेली होती. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचे काम त्याच हाताचे होते. म्हणून त्याने हलक्या तारा वापरल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये गिटारचा सूर बराच खाली उतरवून लावला. पुढे तोच खालचा सूर या संगीताची ओळख बनला.

दादा: मामा, तुम्ही सांगितलेला तो धागा बोरिसमध्ये स्पष्ट दिसतो. ताकेशीच्या वाद्याला तर दोन माना आहेत, एक बेसची आणि एक गिटारची, त्यामुळे तिघांतच चौघांचा भरीव आवाज निघतो. तरीही त्यांचा जडपणा केवळ खालच्या सुरातून येत नाही, तो वाट पाहायला लावण्यातून येतो. २००० साली निघालेला ‘फ्लड’ सुमारे सत्तर मिनिटांचा आणि चार भागांचा आहे. पहिल्या भागात गिटारचा एक छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, त्याचे थर एकमेकांपासून हळूहळू सरकतात आणि ओळखीची चालच अनोळखी होऊन जाते. पुढे गिटारचा पूर्ण भार कोसळतो तेव्हा तो आधीच्या दीर्घ शांततेमुळेच एवढा मोठा वाटतो. तो भाग सुटा काढून ऐकला तर निम्माही परिणाम होत नाही.

आत्या: पोताचे पटले. परंतु सतत शैली बदलणारा कलाकार कोठेच खोल जात नाही, अशी मला शंका आहे.

दादा: काही अल्बमबाबत तुमच्याशी सहमत आहे, २०११ च्या तीन अल्बमपैकी ‘न्यू अल्बम’ मला आजही वरवरचा वाटतो. मात्र त्याच बँडने २००६ मध्ये ‘सन’ (Sunn O)))) या बँडसह केलेला ‘ऑल्टर’ ऐकावा. तेथे गुरगुरणाऱ्या गिटारींच्या मधोमध जेसी साइक्स यांनी गायिलेले एक अत्यंत नाजूक गाणे आहे. ज्यांनी नादाचा पोत इतकी वर्षे घोटला, त्यांनाच ते तेथे ठेवणे सुचू शकते.

मामा: मग मी ‘फ्लड’पासून सुरुवात करतो. हेडफोन लावू की स्पीकर?

दादा: पहिल्या भागाला हेडफोन लावा, म्हणजे थरांचे सरकणे नीट कळेल. पुढच्या भागांना मोठे स्पीकर बरे, कारण तेथील खर्ज कानांइतकाच छातीलाही जाणवायला हवा. आत्या, तुम्ही मात्र थेट ‘ऑल्टर’मधील ते गाणेच ऐका, दुवा पाठवतो.