मदत हवी आहे : ऑनटॅपमध्ये व्हॉल्यूमची स्नॅपशॉट पॉलिसी बदलताना जुन्या कॉपींचं काय?

नमस्कार मंडळी. नेटअ‍ॅपच्या स्टोरेजवर (त्याची प्रणाली म्हणजे ऑनटॅप) एका व्हॉल्यूमला, म्हणजे डेटाच्या एका विभागाला, डिफॉल्ट स्नॅपशॉट पॉलिसी (त्या-त्या क्षणीच्या डेटाच्या कॉपी कधी घ्यायच्या आणि किती ठेवायच्या याचा नियम) लागलेली आहे, म्हणजे ताशी 6, रोजच्या 2 आणि आठवड्याच्या 2 कॉपी. या व्हॉल्यूमवरचा डेटा रोज भरपूर बदलतो. त्यामुळे स्नॅपशॉटसाठी राखलेला 5 टक्के जागेचा रिझर्व्ह कधीच भरलाय आणि स्नॅपशॉट आता डेटाच्या जागेत घुसलेत. मला ताशी कॉपी बंद करून रोजच्या 14 ठेवायच्या आहेत.

नवी पॉलिसी बनवून कमांड लाइनवर 'व्हॉल्यूम मॉडिफाय' दिली, तर पुष्टी विचारताना इशारा आला : नव्या पॉलिसीच्या प्रीफिक्सशी (कॉपीच्या नावाच्या सुरुवातीच्या भागाशी) न जुळणाऱ्या कॉपी डिलीट होणार नाहीत, आणि प्रीफिक्स तोच असलेल्या कॉपी नव्या संख्येनुसार उडू शकतात. तिथेच थांबलोय, अजून 'हो' म्हटलेलं नाही.

म्हणजे 'अवरली'ने सुरू होणाऱ्या कॉपी हातानेच काढाव्या लागणार ना? त्या सगळ्या एकदम वाइल्डकार्ड (नावाचा नमुना) देऊन काढता की जुनी आधी, एकेक करून? या व्हॉल्यूमचं स्नॅपमिररही (दुसऱ्या स्टोरेजवर प्रत ठेवणारी सोय) चालू आहे, त्यामुळे एखादी कॉपी 'बिझी', म्हणजे वापरात, दिसली तर तिला हात लावायचा नाही एवढं ठरवलंय. पण बाकीच्या काढल्यावर नेमकी किती जागा सुटेल? कॉपींमध्ये डेटाचे ब्लॉक सामायिक असल्याने कॉपींच्या आकारांची नुसती बेरीज कामाची नाही. सुटणारी जागा मोजणाऱ्या 'कम्प्यूट रिक्लेमेबल' कमांडचा आकडा कितपत जुळतो?

ऑटोडिलीट (जागा कमी पडली की कॉपी आपोआप काढणं) मुद्दाम चालू केलेलं नाही. रिस्टोअरला लागणारी कॉपी आपोआप गेलेली मला चालणार नाही. प्रत्यक्ष केलेल्यांनी क्रम सांगितला तर फार मदत होईल.